वरचे चोवीस

व्होलॉस बंदरामागच्या गल्लीत
जिथे मी आता बंद पडलेले संगणक उघडून बसते
तिथे काकाचं दुकान होतं:
ऑलिव्ह, चीज, खारवलेले मासे.
फरशीला अजून वास आहे.
हवा दमट झाली की मदरबोर्डलाही येतो.

स्टेर्यॉसकाका सतरा वर्षांचा असताना
सरकारनं ओका बंद केला.
चारशे द्रामांचा ओका,
तुर्कांच्या अमलापासून चालत आलेला.
आमच्याकडे अजूनही हुशार माणसाला म्हणतात,
त्याच्याकडे पुरते चारशे आहेत.
नवी वजनं आली, पितळी,
अंगावर फ्रेंच तोरा,
नाव किलो.

गंमत अशी, की शब्द आमचाच.
हिल्या म्हणजे हजार,
शेंबडं पोरही सांगेल.
पॅरिसच्या पंडितांनी तो उचलला,
त्याचा मऊ ह ठोकून कडक क केला,
आणि दीडशेच्या वर वर्षांनी तो परतला
परदेशी वाढलेल्या भाच्यासारखा,
स्वतःच्याच घराची कडी वाजवत.
कुणी ओळखलं नाही.
असिमीनाबाईंनी तर तोंडावर सांगितलं,
"ओकाच दे मला.
तुझा हा हजार
माझ्या चारशेपेक्षा कमी भरतो."

भरायचाच कमी.
मग काका काटा थरथरायचा थांबेपर्यंत थांबायचा
आणि वर एक मूठ टाकायचा.
पारडं झुकायचं.
त्या मुठीचं नाव
कुठल्याच कायद्यात नव्हतं.

काल पोलिख्रोनिस मास्तर आले,
डिस्क काउंटरवर आपटली.
"एक टेराबाइटचे पैसे घेतले,
आत निघाले नऊशे एकतीस गिगा.
मापात पाप!"

मी म्हटलं, चोर कुणीच नाही, मास्तर.
खोक्यावर छापणारा हजारानं मोजतो,
आत बसलेलं यंत्र एक हजार चोवीसनं.
दोघंही त्याला किलोच म्हणतात,
दोघंही शपथेवर.
पहिल्या पायरीला चोवीसचीच तर तफावत,
पण मेगा, गिगा, टेरा,
चक्रवाढ व्याजासारखी ती चढत जाते.

"पण हे चोवीस आले कुठून?"

हात पुढे करा.
बोट मिटलेलं, नाहीतर उघडं.
तिसरं काही नाही.
एका बोटाच्या दोन तऱ्हा, दोहोंच्या चार,
तिहींच्या आठ,
असं करत दहाव्या बोटाशी
एक हजार चोवीस.
यंत्राच्या वाटेत हजार लागतच नाही.
लागतो तो हजाराचा शेजारी,
आणि कुणीतरी आळसानं
त्यालाच हजाराच्या नावानं हाक मारली.
पुढे शहाण्यांनी त्याचं वेगळं बारसं केलं,
किबी.
पण हाक तोंडात बसली ती बसलीच.

कोपऱ्यातल्या खुर्चीत काका
आपले हात उलटसुलट करून पाहत होता.
उजवी करंगळी चीजच्या सुरीनं
एकसष्ट सालीच नेलेली.
"मग माझे किती?"
पाचशे बारा, मी म्हटलं.
"म्हणजे अर्धा किलो,"
काका म्हणाला,
आणि इतका हसला
की मला पाणी आणावं लागलं.

मास्तर हसले नाहीत.
गणित पटलं होतं, पैसे पटले नव्हते.
डिस्क पिशवीत टाकून निघाले
तेव्हा काका काठी टेकत उठला,
फळीवरची बरणी काढली,
नऊ बोटांची मूठ भरून
भाजलेले चणे त्यांच्या खिशात ओतले.
"घ्या," म्हणाला, "वरचे."

मला वाटतं,
गल्लीच्या वळणापर्यंत
मास्तर ते मोजत गेले.