छाट

नव्या पेठेतल्या दुकानात आठवडाभर मी काचा घासतो.
रविवारी बुटाच्या खोक्यात
मेलेल्यांचे चष्मे घेऊन निघतो.

मेलेल्यांचेच असतात बहुतेक.
सात रस्त्याच्या मागच्या बंगल्यांत
फ्रिजवर, देव्हाऱ्याच्या खणात पडून राहिलेले.
सुना काढून देतात, पटकन.
मुलगे देण्याआधी एकदा घालून बघतात.

मी नंबर काढतो, चिकटपट्टीवर लिहितो:
दीड, पावणेदोन, अडीच.
हत्तरकींचा टेम्पो, शकीराबाईंची वही
आणि एक बॅनर, ज्यावर देणगीदाराचं तोंड
आम्हा तिघांपेक्षा मोठं.
एवढी आमची संस्था. नोंदणी व्हायची आहे.

विडी घरकुलात पाणी पाचव्या दिवशी येतं.
आम्ही नेमके त्याच दिवशी पोचलो.
रांग होती, पण घागरींची.
थांबलो उन्हात.
फुकट देणाऱ्यालाही थांबावं लागतं,
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

पहिल्या खेपेला अक्षरांचा तक्ता नेला होता.
बायका तक्त्याकडे बघून हसल्या, मग आमच्याकडे.
तेव्हापासून सुई नेतो.
ज्या काचेतून दोरा ओवला जाईल, तो तिचा नंबर.

नरसव्वा गुंडेटी. वय विचारलं तर म्हणाली,
गिरणीचा भोंगा थांबला तेव्हा धाकटी पोटात होती.
शकीराबाईंनी पन्नास लिहून पुढे प्रश्नचिन्ह टाकलं.
पावणेदोनचा जाड काळा चष्मा,
कुणा हेडमास्तरांचा असावा,
खोक्यातसुद्धा रागावलेला दिसायचा.
तिने घातला. दोरा ओवला.
"कनबडतुंदी," म्हणाली. दिसतंय.
हत्तरकींनी फोटो काढला.
मी टाळ्यांची वाट बघत असणार.

ती मात्र उठून आत गेली
आणि सूप घेऊन आली.
सुपात परवाची छाट,
चेकरने बाजूला फेकलेल्या, तिने पदरात वेचून आणलेल्या विड्या.
एक उचलून नाकाशी धरली.
तोंड बघितलं, दोऱ्याचे वेढे बघितले, पानाची शीर.
उजवीकडे ठेवली.
पुढची. उजवीकडे.
पुढची, उजवीकडे.
एक डावीकडे.
पुन्हा उजवीकडे.

शेजारणी जमल्या. नळ वाहत होता, कुणी गेलं नाही.
एकशे चाळीसात वाईट निघाल्या नऊ.
"हात बिघडला म्हणून रडायची ही,"
मागून कुणीतरी म्हणालं,
"हाताला चटका देऊन घेतला होता एकदा."

मंगळवारी कारखान्याच्या ओट्यावर
सव्वीस बायका चष्मे घालून बसल्या.
वकिलाचा, कुणा आत्याबाईंचा, सोनेरी काडीचा,
एक तर उन्हाचा, नुसताच, सोबतीला.
चेकरच्या बोटांकडे बघत राहिल्या.
मी नव्हतो तिथे, काचा घासत होतो.
ऐकलं ते सांगतो.

बुधवारी बॅनरवाल्यांचा फोन आला.
चेकर त्यांच्या मेव्हण्याचा माणूस निघाला.
"आपलं काम नेत्रसेवेचं," ते म्हणाले,
"लोकांना काय बघायचं ते आपण कशाला सांगायचं?"
आम्ही सांगितलं नव्हतं, हे मी बोललो नाही.
हत्तरकींनी बॅनर उतरवला
आणि टेम्पोत उन्हाच्या बाजूला बांधला, तोंड आत.

छाट कमी झाली. मग पानं कमी यायला लागली.
"आता पानात मारतात," शकीराबाई म्हणाल्या,
आणि वहीत नवं पान उघडून
वजनकाटा असं लिहून ठेवलं.

परवा नरसव्वा दुकानात आली,
काडी निखळलेली, सुतळीने बांधलेली.
मी स्क्रू बसवला.
फुकट म्हटलं तर ती रागावेल
म्हणून सहज म्हणालो, दहा रुपये.
तिने चष्मा घातला,
माझ्या डोक्यावरच्या दरफलकाकडे बघितलं.
अक्षरं येत नाहीत तिला. आकडे येतात.
"पाच लिहिलंय," ती म्हणाली.