मतलई

सोहारच्या सनैयात, तिसऱ्या गल्लीत
माझं बॅटरीचं दुकान.
माझं म्हणजे दुरमहंमद बलुचचं. हात माझे.
दुकानात रेडिओ नाही.
गाड्या येतात, त्यांच्यातून तो येतो.

सकाळी सात. खमीसची पिकअप, मागे चाऱ्याचे भारे, एक शेळी.
डॅशबोर्डातून एक बाई तक्रार सांगतेय,
टँकर तीन दिवस आलेला नाही, नगरपालिका फोन उचलत नाही.
निवेदक म्हणतो, सावकाश, खाला, आम्ही सगळे इथेच आहोत.
तेवढ्यात मी निगेटिव्हची वायर काढतो.
बाई गप्प.
टँकर आला का,
मला आजवर कळलेलं नाही.

माझं अरबी हे असं, मध्येच सुटलेल्या वायरींचं.
बावीस वर्षांत एवढं जमलं
की साखरेच्या आजारावर अर्धा तास बोलेन
(डॉक्टरीणबाई, मंगळवारी दहाला,
खजूर किती चालतील, हा प्रश्न दर मंगळवारी),
टोळधाडीवर, वारसाहक्काच्या कागदांवर,
लिंबाच्या झाडाला लागणाऱ्या रोगावर.
भाजीवाल्याशी घासाघीस करताना मात्र अडखळतो.
भाजीवाले रेडिओवर येत नाहीत.

दुपारी अजान. मग मासळीचे भाव.
मग बराच वेळ नुसतं ऊन.
नूरल उभ्या ट्रकखाली पुठ्ठा टाकून झोपतो.
तीनला शाळेची बस. ड्रायव्हरला वादावादी आवडते.
दोन शहाणी माणसं मेहेर किती असावा यावर
एकमेकांना बोलू देत नाहीत.
एक म्हणतो, माझ्या मुलीच्या वेळी मी स्वतः,
आणि बस त्याला घेऊन निघून जाते.

पाचला टॅक्सी, नारिंगी पट्ट्यांची.
आत एक म्हातारा नाखवा बोलत होता,
दात नसावेत, शब्द ओले होऊन येत होते.
वाऱ्यांची नावं सांगत होता, जशी भावंडांची सांगावीत.
शमाल. कौस. नाशी.
मग म्हणाला, मतलई.

पाना बोल्टवरच राहिला.
हा शब्द माझ्या बापाचा.
हर्णैला पहाटे दारात उभा राहून
तो गालावर वारा तोलायचा
आणि आत हाक द्यायचा, मतलई सुटली गो, भाकरी बांध.
मला वाटायचं, आमच्या आळीबाहेर हा शब्द कुणाकडे नाही.

नंबर मला पाठ.
गल्लीतल्या खांबावरचा दिवा बंद आहे, म्हणून दर महिन्याला लावतो.
कायम एंगेज.
आज लागला.

रेडिओ बारीक करा, आवाज घुमतोय, आतली मुलगी म्हणाली.
टॅक्सीवाल्याने केला.
नाव? पद्माकर चोगले.
आपल्याबरोबर आहेत बद्माकर शोगले.

शेजारी टायरवाल्याकडे उभ्या गाडीतून
माझा आवाज माझ्या मागून यायला लागला,
दोन शब्द उशिरा
आणि माझ्याहून घाबरलेला.
म्हणालो, काका, मतलई आमच्याकडेही आहे.

शांतता.
तीन सेकंद असेल. रेडिओला तेवढी परवडत नाही.

कुठून येते तुमच्याकडे?
जमिनीवरून. पहाटे. होड्या बाहेर काढते.
आमच्याकडे समुद्रावरून, तो म्हणाला,
मतलअ म्हणजे उगवायची जागा, उगवतीचा वारा तो.
मग खोकला, किंवा हसला.
म्हणजे तुमच्या दारातून निघते होय.
आम्ही आपले समजत होतो, ती पाण्यातच जन्मते.

वेळ संपली. बातम्या.
टॅक्सीवाल्याने सेल्फ मारला, इंजिन उठलं,
घड्याळ बारावर लुकलुकत होतं, ते त्याने तसंच ठेवलं.
पैसे मोजताना म्हणाला, कोण होता रे तो, नातेवाईक?

मी सुटे शोधत राहिलो.
गल्लीत अंधार पडला होता,
नूरल मोबाइलचा उजेड धरून नट गोळा करत होता.

खांबाचं सांगायचं राहिलंच.