अपुरा पत्ता

चार बॉल. एक मुलगी चालत पहिल्या बेसवर.
पुन्हा चार. पुन्हा एक.
अशा चालत चालतच त्यांच्या पोरींनी
आम्हाला हरवलं शनिवारी,
शेवटच्या डावात एकीलाही धावावं लागलं नाही.
घरी येताना मित्राने बूट हातात धरले होते
आणि टागोर नगरच्या सिग्नलपर्यंत
मी विचारलं नाही, ती बोलली नाही.

मला या खेळातलं काय कळतं?
आत्या झाले तरी मी टपालखात्यातली.
अडतीस वर्षं कप्प्यांच्या भिंतीसमोर उभी,
डाव्या हातात गठ्ठा, उजव्याने फेक :
भांडुप, मुलुंड, विक्रोळी, घाटकोपर,
कप्प्याकडे न बघता.
बघितलं की चुकायचं.
नव्या लागलेल्या पोरींना हे पटायचं नाही
पहिले तीन महिने.

तर आता मी रंगाच्या उपड्या बादलीवर बसते,
गुडघे उकिडवं बसू देत नाहीत.
हातात तिच्या सरांनी दिलेला जुना ग्लोव्ह,
त्याला कुणाच्यातरी घामाचा वास.
मागे पाण्याच्या टाकीची भिंत, भिंतीवर खडूची चौकट,
तिच्याच उंचीच्या मुलीच्या काखेपासून गुडघ्यापर्यंत.
चाळीस फूट मी शिवणाच्या टेपने मोजले,
आठ वेळा टेप, दर टेपेला एक वीट.
खानविलकर सेक्रेटरी गॅलरीतून म्हणाले,
भिंत सोसायटीची आहे.
म्हटलं, खडू माझा आहे.

आठ दिवस हात फिरवायचाच नाही.
एक गुडघा जमिनीवर, दहा पावलांवरून नुसतं मनगट.
चेंडू मांडीला घासून निघतो की लांबून, एवढंच बघायचं.
मग तिच्या पायापासून माझ्या बादलीपर्यंत सरळ रेघ,
पाऊल रेघेवर पडलं पाहिजे.
पडत नव्हतं.
टाच वळली की कंबर वळते, कंबर वळली
की चेंडू निघतो मोरेंच्या स्कूटरकडे.
मोरे काही बोलले नाहीत.
दुसऱ्या दिवशी स्कूटरला गोधडी.

उंच गेला की ती मांडीवर चापट मारायची, स्वतःच्याच.
चापट नको, सांग कुठे चुकला.
"माहीत नाही."
माहीत नाही, हे आमच्याकडे चालत नसे.
'पत्ता अपुरा' असा शिक्का होता, खरं आहे,
पण आधी पाकीट उजेडात धरायचं,
अक्षर लावायचं, त्या बीटच्या पोस्टमनला विचारायचं,
मग शिक्का.

एकदा म्हटलं, डोळे मीट.
फेक, आणि आवाज व्हायच्या आत सांग कुठे गेला.
"मधे?" ती म्हणाली.
माझ्या नडगीवर बसला.
दोन दिवस हळद लावून होते,
तिसऱ्या दिवशी बादली पुन्हा उपडी.

परवा संध्याकाळी,
चेंडूचा पिवळा राखाडी होत आलेला,
तिचं बोलणं आणि चेंडू जवळजवळ एकदमच पोचत होते.
"बाहेर, वीतभर." बाहेर, वीतभर.
"उशिरा सुटला." वर.
"आत, गुडघ्याखाली."
मी पाय आधीच उचलला होता.
पंचवीसांत चौकटीत नऊच,
पण हुकलेल्या सोळांपैकी चौदांचा पत्ता तिने बरोबर सांगितला.
हे मी कॅलेंडरवर लिहून ठेवलं, दुधाच्या हिशोबाखाली.

मग एकदा ती काही बोललीच नाही.
मनगट फिरल्याचं मला ऐकू आलं, किंवा तसं वाटलं.
ग्लोव्ह आपोआप मिटला.
ती तशीच उभी, डोळे बंद, एक पाय रेघेवर,
वाट बघत.
मी गप्प.

वरून खानविलकरच म्हणाले,
"मधोमध होता गं."
आणि जरा थांबून,
"रविवारी भिंत धुऊन द्या."