आठवा मजला, वीस तेत्री

ग्ल्दानीत, आमच्या इमारतीच्या कचरापेटीपाशी
तिनं तीन हिवाळे काढले.
कानात पालिकेचा पिवळा बिल्ला, आकडा अर्धा पुसलेला.
म्हणजे टोचून झालंय, पिल्लं होणार नाहीत,
बाकी तुमचं तुम्ही बघा.

खालच्या पोरांनी नाव ठेवलं बोंबोरा.
नाव बोंबोरा, आणि तोंडातून एक बोंब नाही.
भुंकणं तिला येत नव्हतं की परवडत नव्हतं, कोण जाणे.

वर आणली तेव्हा जानेवारी होता.
लामाराला बारीला जाऊन चौदा महिने झाले होते.
तिथे ती एका इटालियन म्हातारीला भरवते, पुसते,
दर दोन तासांनी कुशीवर वळवते,
आणि पाच तारखेला पैसे पाठवते.
मी इथे तिच्या सपाता झटकून ठेवतो.

पहिला आठवडा कुत्री टबाखाली.
झाडू हातात घेतला की तिथल्या तिथे मुतायची.
झाडू मी शेजारी झैराकडे ठेवून आलो
आणि महिनाभर ओल्या फडक्यानं घर पुसलं,
गुडघ्यांवर. हे गुडघे!

ताटलीतलं खायची नाही,
ताटलीत तिला काहीतरी डाव दिसायचा.
जमिनीवर टाकलं तर खायची, तेही इतकं भराभर
की सगळं परत बाहेर, अख्खं, ओळखू येईलसं.
झैरा मायेनं चीजची पोळी आणायची, लोण्यानं निथळणारी.
मग एका रात्री कुत्री पाठीची कमान करून उभी राहिली,
बसेना, निजेना, पहाटेपर्यंत.
डॉक्टर एलेनेनं तिचं पोट दाबलं, माझ्याकडे पाहिलं,
'तुम्ही स्वतः काय खाता?'
मी खरं सांगितलं नाही.
तेव्हापासून दोघांना एकच पातेलं:
कुट्टू, उकडलेली कोंबडी, गाजर.
मीठ मी माझ्यापुरतं वरून घेतो. पाठ करून.

रक्त तपासलं तेव्हा कळलं, हृदयात जंत आहेत.
'शेवयांसारखे,' एलेने म्हणाली.
इंजेक्शनं पाठीत, खोल. मग सहा आठवडे
धावणं नाही, उडी नाही, जिना तर नाहीच.
मेलेला जंत सुटून फुप्फुसात अडकला तर.
वाक्य तिनं तिथेच सोडलं.

आम्ही राहतो आठव्या मजल्यावर.

लिफ्ट आहे, नाणं टाकलं की चालते.
पण दार आपटतं, आणि चौथ्या मजल्याशी ती कण्हते
माणसासारखी.
बोंबोरानं चारही पाय फरशीत रोवले.
म्हणून उचलली. बावीस किलो,
बिल्ला माझ्या हनुवटीला घासत,
आणि मनगटावर तिचं ते धडधडणारं, जंतांसकट.
हात मोकळा नव्हता, नाणं दातांत धरलं.
लोखंडाची चव.
दिवसातून तीन वेळा, सहा आठवडे.

मार्चमध्ये चादर बदलताना
लामाराच्या बाजूला, उशीखाली,
पावाचे सात तुकडे सापडले. एक हिरवा पडलेला.
रात्री फोनवर सांगितलं.
मला वाटलं होतं ती हसेल.
'इथली म्हातारीही लपवते,' म्हणाली,
'बिस्किटं, अभ्र्यात. लहानपणी युद्ध पाहिलंय तिनं.'
'मग तू काय करतेस?'
'शिळं काढते. एक ताजं ठेवते, हाताला लागेलसं.'
मागून कुणीतरी तिला हाक मारली, दुसऱ्याच नावानं,
आणि ती 'आले' म्हणाली, त्यांच्या भाषेत.

सातव्या आठवड्यात एलेनेनं कानांतल्या नळ्या काढल्या.
आता जिना चालेल. हळूहळू.
मी मनातल्या मनात तेत्रींचा हिशेब केला,
खूश झालो, आणि जिन्याकडे वळलो.

दोरी ताणली गेली.
मागे बोंबोरा लिफ्टसमोर बसली होती,
सरळ, रांगेत उभं असल्यासारखी,
नजर माझ्या उजव्या खिशावर.

खिसे चाचपले. नाणं नव्हतं.
तेव्हा ती भुंकली. एकदाच.
तिसऱ्या मजल्यावर कुणीतरी दार उघडून पाहिलं.