मानस

चोडणच्या धक्क्यावर फेरीतून उतरायचं,
मग डावीकडे बांधावरून चालत राहायचं,
खारफुटी विरळ होते तिथे मानस आहे:
मट्टीच्या लाकडाची दोन दारं,
आतल्या पाण्याच्या रेट्यानं नदीकडे उघडणारी
आणि नदीच्या रेट्यानं मिटणारी.
या दारांना इथे मानस म्हणतात.
त्यांना मन नाही,
म्हणून तर मी आले होते.

माझ्या वहीत ती आधीच होती.
दोन वर्तुळं. उघडं, मिटलेलं.
भरतीचा बाण इकडून तिकडे, ओहोटीचा तिकडून इकडे,
आणि मिटलेल्या दारावर आणखी भरती आली तर
स्वतःकडेच वळलेला एक बाण,
कानातल्या रिंगेसारखा.
सहा वर्षं मी असल्याच यंत्रांवर प्रबंध लिहितेय
ज्यांना मोजता येत नाही.
किती भरत्या आल्या? माहीत नाही.
जितक्या आल्या तितक्या परत गेल्या का? तेही नाही.
बांध घातला तेव्हापासूनचं सगळं पाणी
आणि आठवण एवढीशी:
आत्ता उघडं, की आत्ता मिटलेलं.

यंदाची पावणी कायतान मोंतेरोनं घेतली होती.
रात्री अडीचला दारं उघडली तशी
त्यानं तोंडाशी जाळं लावलं,
हात पँटला पुसले, आणि बॅटरीच्या उजेडात
माझी आकृती बराच वेळ पाहिली.
फिरवून पाहिली.
"आनी अडकलें जाल्यार?"

तिसरं वर्तुळ माझ्याकडे नव्हतं.

दोन वर्षांमागे, अवसेच्या उधाणात,
एक ओंडका वाहत आला आणि दारात बसला.
चार बोटं फट.
आमच्याकडे असं होत नाही, मी म्हणणार होते,
यंत्र दर क्षणी कुठल्यातरी एकाच वर्तुळात असतं,
मध्ये, बाणावर, कुणी राहत नाही.
पण नदी त्या फटीतून सहा तास आत येत राहिली.
कायतान छातीभर पाण्यात उभा राहून कुऱ्हाड चालवत होता.
ओंडका तुटला, दार मिटलं,
आणि दाराच्या लेखी
काहीच घडलेलं नव्हतं.

माझ्या विषयात एक व्याख्या आहे,
मला ती झोपेतही म्हणता येते:
दोन भूतकाळ एकच समजावेत,
पुढे काहीही घडलं तरी
त्यांच्यातला फरक जर कधीच उघडा पडणार नसेल.
पुस्तकात हे दीड ओळीत संपतं.
इथे बांधाच्या आत दोन कुणगे होते, शेजारी शेजारी,
तोच चिखल, तीच खेकड्यांची बिळं,
अंधारात तर दोन्ही एकसारखेच काळे.
दोहोंत एकाच दिवशी कोरगुट पेरलं.
एकात ते कमरेला लागलं.
दुसऱ्यात वीतभर उगवून पिवळं पडलं आणि बसलं.
म्हणजे भविष्य हे असं असतं, मला वाटलं,
मूठभर बी.

"मीठ वचपाक तीन पावस लागतात," तो म्हणाला.
"दोन जाले."

उजाडताना त्यानं पिवळ्या कुणग्यातली माती
नखावर घेतली, जिभेला लावली, थुंकला.
"आसा अजून."
मीही चाखली. मग शेजारची.
मग पुन्हा पहिली, नीट, डोळे मिटून.
माझ्या जिभेला दोन्हींत माती लागली,
फक्त माती.
सहा वर्षं मी दाराला कमी लेखत आले होते.

साडेआठला पाणी फिरलं.
कायतान सुंगटांचे वाटे लावत होता, न मोजता,
एका वाट्यातलं उचलून दुसऱ्यात टाकत,
आणि एक वाटा त्यानं माझ्या पिशवीत ओतला.
मी दारांकडे पाहत होते.
आधी डावं हललं, टेकलं.
उजवं थोडं थांबलं, कण्हल्यासारखं वाजलं,
पुन्हा थोडं उघडलं,
मग मिटलं.

फेरीत वही उघडली तेव्हा
पानाला ओल आली होती,
आणि सुंगटांचं पाणी
दोन वर्तुळांच्या मधोमध.