कोपऱ्यातला ठिपका

उदगीरच्या डाळमिलमध्ये मी हजेरी लिहितो,
पंधरा वर्षं झाली.
चाळण्यांचा खडखडाट कानात असतो
रविवारीसुद्धा, मिल बंद असली तरी.

मन्मथप्पा परवा म्हणाले,
मागच्या दिवाळीला दहा टक्के बोललो होतो,
या दिवाळीला दहा,
दोन्ही एकदमच लावून टाका.
निवडणाऱ्या बायका बेचाळीस. रोज तीनशे.
मी लिहिलं : वीस टक्के, तीनशे साठ.
पेन कुठं अडलं नाही.
दहा न् दहा वीस, हे बालवाडीतल्या पोरालाही येतं,
मी तर बी.कॉम. आहे.

सोजरबाईनं आठवड्याचं पाकीट उघडलं नाही,
नुसतं तळहातावर तोललं.
म्हणाली, मुनीमजी, रोजामागं तीन रुपये कमी हायत.

कसे काय?

ती खाली बसली.
फरशीवर तुरीची पिवळी चुनी साचलेली,
तिच्यात बोटानं ठिपके देत गेली,
दहा ठिपके, दहा ओळी,
पहाटे अंगणात देते तसे, झरझर.
"हे तुमचं शंभर."
उजव्या अंगाला उभे दहा ठिपके :
"ही मागची दिवाळी."
मग खालून एक आडवी ओळ, दहाचीच,
आणि बोट तिथंच थांबलं.
"वरच्या समद्या ओळीत अकरा झाले,
खालच्या ओळीत दहाच कामून?
कोपरा मोकळा राहूलालाय बगा."

मागून फैमिदा म्हणाली,
"कोना तो भरनाइच पडता."
बायका हसल्या.
मीही हसलो, जरा उशिरा.

हिशोब सोपा होता, तोच अडचणीचा.
तीनशेवर तीस चढले की ते तीस आता त्यांचेच,
पाहुणे नव्हेत.
पुढच्या दहा टक्क्यांत त्यांचाही वाटा :
तिसाचे तीन.
तीनशे त्रेसष्ट.
तीन गुणिले बेचाळीस, एकशे सव्वीस.
गुणिले सव्वीस दिवस,
तीन हजार दोनशे शहात्तर.
एवढा पैसा महिन्याला
एका मोकळ्या कोपऱ्यातून गळणार होता
आणि त्या कोपऱ्यावर अक्षर माझं.

"तवाचं आठवतंय का?" सोजरबाईनं विचारलं.

आठवतं.
रोगाच्या साली रोज दोनशे होता.
दहा टक्के कापले, एकशे ऐंशी.
मिल रुळावर आली, दहा टक्के परत दिले,
एकशे अठ्ठ्याण्णव.
अप्पा म्हणाले, फिटंफाट.
तेव्हाही हीच बाई खिडकीशी आली होती,
दोन रुपये कुठं गेले म्हणून.
मी चष्मा पुसत समजावलं होतं :
बाई, टक्क्याचा हिशोब असाच असतो,
कापतात ते मोठ्या आकड्यातून,
चढवतात ते लहान आकड्यावर.
ती मान हलवून गेली.
मला वाटलं, पटलं.

पटलंच होतं.
तिनं ते वाक्य जपून ठेवलं एवढी वर्षं,
खड्यातून डाळ वेगळी काढून ठेवावी तसं,
आणि आज माझ्याच टेबलावर ओतलं :
"तवा असाच असतो म्हणलात.
मग आता का तसा नाही?"

अप्पा वसमतला गेलेत लग्नाला.
मी त्यांना न विचारता
तीनशे साठवर काट मारली.
काट जरा वाकडी गेली.

रात्री जेवताना सहज माझाच पगार आठवला.
तीन वर्षांपूर्वी आठ टक्के, मागच्या साली पाच.
बायकोला मी तेराच सांगितले होते,
आणि पाकिटातही तेराच येत होते.
ताटाच्या कडेला मिठात ठिपके दिले,
आठाची एक बाजू, पाचाची एक.
कोपरा अगदी बारका,
शंभरामागं चाळीस पैसे.
बायको म्हणाली, मीठ सांडू नका.

सोमवारी अप्पा येतील.
दोन कोपरे घेऊन आत जायचंय.
आधी कोणता दाखवायचा,
ते अजून ठरत नाही.