लेखनिक

नियम असा, की लेखनिक
परीक्षार्थीपेक्षा कमी शिकलेला असावा.
तेवढी एक पात्रता माझ्याकडे
पुरेपूर होती.

कालिंदी पगारे, बी.ए. तृतीय वर्ष,
जन्मापासून दिसत नाही.
मी : अकरावी, अपूर्ण.
'अपूर्ण'चं कारण लिहायला
अर्जात जागा नव्हती. बरंच झालं.

कॉलेज रोड. जिन्याखालची खोली.
केरसुण्या, बंद पडलेलं झेरॉक्स मशीन, दोन बाकं.
दारावर डिंकानं चिकटवलेलं : दिव्यांग कक्ष.
पर्यवेक्षक मला विचारतात,
"हिला पाणी लागेल का?"
ती म्हणते, "हिला लागेल. गार."

प्रश्न दुसरा. लिंगभाव विषमतेची कारणे
सोदाहरण स्पष्ट करा. गुण दहा.

बाकावर कर्कटकाने कोरलेल्या नावांवरून
ती बोट फिरवत राहते. मग म्हणते, लिही.
आत्याच्या सुहासलाही दिसत नाही.
त्याला पुण्याच्या वसतिगृहात घातलं,
मला ओझरच्या मधल्या खोलीत.
त्याचा खर्च होता, स्वल्पविराम,
माझी काळजी.
लिही. अंबडच्या कंपनीत मुलाखतीला गेले.
साहेब म्हणाले, रात्री न्यायला कोण येणार?
लग्न झाल्यावर कसं करणार?
टायपिंगचा वेग
कुणी विचारला नाही.
पंचेचाळीस आहे. तो आकड्यात लिही.

मला भर घालायची परवानगी नाही.
दुरुस्ती नाही, सल्ला नाही,
ती म्हणेल तेवढंच, म्हणेल तसंच.
हे काम सवयीचं आहे माझ्या.
सातपूरला पॅकिंगला आहे मी. डब्याच्या सुट्टीत
लोक सांगतात ते उतरवून घेतो स्वतःवर :
हो, पोरगी बघतायत. हो, सिन्नरकडची.
हो, गोरख म्हणजे माझा रूमवाला.
सहा वर्षं झाली.
गोरखच्या हातची मेथी डब्यात असते
आणि मी म्हणतो, मेसची.

"लिही," ती म्हणते. "अकरावीला आमच्या वर्गात
एक मुलगा होता. धडा वाचायचा
तर मला पान दिसल्यासारखं व्हायचं.
बाकीचे त्याच्या आवाजाला हसायचे.
एका सोमवारपासून तो आवाज
वर्गात आलाच नाही.
हजेरीत चार दिवस नाव घेतलं,
पाचव्या दिवशी गाळलं."

"पेन का थांबलं?"
"शाई."
"बॉलपेन आहे. घासतंय ते ऐकू येतं मला."

मी तो नव्हे. माझं कॉलेज वेगळं,
माझा सोमवारही वेगळा.
मुतारीची भिंत मात्र
बहुतेक त्याच चुन्याची.

तासाला वीस मिनिटं जादा मिळतात तिला.
नियमात आहे.
त्या दिवशी मला कुणी दिली असती वीस मिनिटं
तर भिंतीवरचं माझं नाव खरवडून
फिजिक्सच्या तासाला बसलो असतो.
दहाच मिनिटं उशीर.
सर म्हणाले असते, ये.
म्हणाले असते का?

शेवटी सही. लेखनिकाचं नाव, शिक्षण.
पुन्हा तोच शब्द. या वेळी
तिने तो ऐकला असावा,
कारण सीबीएसकडे चालताना माझं कोपर धरून
ती हिशेब करू लागली :
"सतरा नंबरचा फॉर्म भर. बाहेरून बस.
बारावी झालास तरी एम.ए.ला मला चालशील.
बी.ए. झालास तरी चालशील.
त्याच्यापुढे गेलास
तर मात्र दुसरा कुणी बघेन."

आणि काही विचारलं नाही.
मीही काही सांगितलं नाही.
फक्त म्हणालो, भूक लागली असेल तर
डब्यात मेथी आहे,
गोरखने केलेली.
"मीठ कमी आहे," ती म्हणाली. "सांग त्याला."

ओझरची गाडी लागली.
खिडकीतून ती हात हलवत राहिली
भलत्याच बाजूला, रसवंतीच्या दिशेने.
मी पळत
त्या बाजूला जाऊन उभा राहिलो.